पडलेल्या हाताची खूण

आधीच सांगून टाकतो – भूत, आत्मा, बाहेरची बाधा यातलं काही मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आजही नाही. इथे तुम्हा सगळ्यांचे अनुभव वाचतो, अंगावर काटाही येतो... पण कॉम्प्युटर बंद केला की मनात म्हणतो, याला काहीतरी कारण असणारच, बिचाऱ्याला सापडलं नसेल एवढंच. आमच्या घरात बुद्धवंदना होते. भगत, अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची हे सगळं आमच्या बाबांनी एकदा उंबऱ्याबाहेर काढलं ते काढलंच. त्यात माझं काम मिस्त्रीचं. लूम, म्हणजे कापडाचा माग, बंद पडली तर तिला कुणाची नजर लागली म्हणून चालत नाही, पाना घेऊन आत शिरावं लागतं. शिरलं की कारण सापडतं. असा माझा स्वभाव, आणि त्यावरून घरात मला पुष्कळ ऐकूनही घ्यावं लागतं.

तरी लिहायला बसलोय. टाइप माझी मुलगी करतेय. तिने बजावलंय की पप्पा, फाटे फोडू नका. बघू, जमलं तर.

गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची. भिवंडीजवळ शेलारच्या बाजूला एका शेठचा पॉवरलूमचा कारखाना होता, मी तिथे मिस्त्री होतो. वय पंचेचाळिशी ओलांडलेलं. मूळचे आम्ही दिघाशीचे, पण कामासाठी शेलारलाच खोली घेऊन राहायचो. मी, बायको सुनंदा आणि ही टाइप करणारी, ती तेव्हा अकरावीत होती. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. दोन बाजूंना लूम आणि मधे एक गल्ली, इतकी अरुंद की पोट सुटलेल्या माणसाने आडवं होऊनच जावं. दोन्ही बाजूंनी पट्टे फिरतायत, सूत नेणारे धोटे इकडून तिकडे धावतायत. नवीन माणूस त्या गल्लीत हात अंगाशी आवळून चालतो, आणि ते बरोबरच आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, एवढ्या आवाजात आम्ही ओरडून बोलत असू. आम्ही बोलतच नाही. ड्युटीवर सगळा कारभार हाताच्या खुणांनी. तळव्यावर बोट ओढलं की ताना, म्हणजे उभा धागा, तुटला. मूठ पिरगाळली की तेल दे. डोक्यावर टोपी नीट केल्यासारखं केलं की शेठ येतोय, सावध. अंगठा ओठाला लावला की चहा. प्रत्येक कारखान्याच्या खुणा थोड्या वेगळ्या, तिथले तिथेच कळतात. बारा-बारा तास एकमेकांसमोर काढून आम्हाला एकमेकांचा आवाज नीट माहीत नसायचा. माझ्या समोरच्या लूम चालवणारा मुस्तकीमभाई उत्तर प्रदेशातला. तो गातो छान, हे मला कित्येक वर्षांनी लाईट गेल्यावर कळलं.

आता या खुणांमुळेच काय घोटाळा झाला ते सांगतो.

पहिल्यांदा झालं ते डोळ्याचं. दुपारी एका लूमवर वाकलो होतो आणि डाव्या डोळ्यापुढे वरून पडदा खाली आला. दुखलं नाही, खुपलं नाही... नुसतं दिसायचं बंद. आमच्याकडे रुईचा, म्हणजे कापसाचा, भुगा सतत उडत असतो, पापण्यांवर बसतो, नाकात जातो. मी समजलो भुगा गेला. बाहेर जाऊन नळाखाली डोळा धुतला, चोळला, आणि थोड्या वेळाने पडदा जसा आला तसा वर गेला. मी खूश. पाण्याने गेलं म्हणजे भुगाच होता. आमच्या धंद्यातला कुणीही हेच म्हणाला असता, आणि मुस्तकीमभाईही हेच म्हणाला. फुकटात बरं झाल्यावर डॉक्टरकडे कोण जातं?

त्यानंतर महिनाभराने असेल, दुपारी लोडशेडिंग झालं. त्या काळात लाईट जाणं हे आमच्याकडे जेवणाइतकं नेमाचं होतं. सगळ्या लूम एकदम थांबल्या. असा आवाज थांबला की कानात काही वेळ शिट्टी वाजत राहते. कामगार चहाला बाहेर निघाले. शेठ दारात उभा होता, त्याने मला विचारलं की कोपऱ्यातल्या लूमच्या मोटारीचं काय झालं. मला उत्तर माहीत होतं. मोटार जळलीय, वायंडिंगला द्यावी लागेल. वाक्य डोक्यात तयार होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “धोटा.”

पुन्हा प्रयत्न केला. “धोटा... धोटा.”

शेठ हसला. म्हणाला, “काय मिस्त्री, दुपारचीच घेतलीस काय?” मी दारूला शिवत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणजे मी मस्करी करतोय असंच त्याला वाटलं. मी मान हलवली. मोटार म्हणायचंय मला, मोटार... आणि जीभ धोट्यावरून हलायला तयार नाही. उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मी गपचूप जाऊन सुताच्या गोणीवर बसलो. घाबरलो होतो का? खूप. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे कधीपासून चाललंय तेच मला माहीत नव्हतं. सकाळी कामावर आल्यापासून मी एक शब्द बोललो नव्हतो, बोलायची गरजच पडली नव्हती. लाईट गेली नसती तर माझी वाचा गेलीय हे ना मला कळलं असतं, ना दुसऱ्या कुणाला. चहा संपेपर्यंत जीभ सुटली. मी स्वतःशीच “मोटार, मोटार, वायंडिंग” असं पुटपुटत बसलो होतो आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी एवढा का हादरलो ते सांगायला हवं. आमचे बाबाही मिस्त्री होते, जुन्या काळातल्या एका कारखान्यात. उतारवयात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वर्षाहून जास्त काळ ते दिघाशीच्या घरात खाटेवर होते. डोळे जिवंत, सगळं समजतंय, आणि सांगता काही येत नाही. मी जवळ बसलो की ते उजव्या हाताकडे बघायचे, मग माझ्याकडे. आयुष्यभर ज्या हाताने बोलले तो हातही गेला होता. माणूस आपल्याच अंगात कोंडला जातो म्हणजे काय हे मी तिथे बघितलं. त्यांना माशी हाकलता यायची नाही. मरणाची मला एवढी भीती कधी वाटली नाही, त्या खाटेची वाटते.

म्हणून यावेळी मी डॉक्टर टाळला नाही. त्याच संध्याकाळी गेलो. पण गेलो तेव्हा मी ठणठणीत. हात उचलून दाखवला, जीभ बाहेर काढून दाखवली, नाव-गाव-पत्ता घडाघडा सांगितला. डॉक्टर म्हणाले गॅस वर चढला असेल, अशक्तपणा आहे, आणि एक इंजेक्शन दिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, थोडं जास्त निघालं. ते म्हणाले टेन्शन घेऊ नका. मी विचारलं, टेन्शनने मोटारीचा धोटा होतो का? ते रागावले, पण डोक्याचा सीटी स्कॅन लिहून दिला. तो आला नॉर्मल. सुनंदाने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

सगळे सुटले, मी अडकलो. मला झालेलं खरं होतं आणि ते खरं असल्याचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. आजार असा की काम करून जायचा आणि मागे खूणसुद्धा ठेवायचा नाही. मिस्त्री लोकांना हा प्रकार माहीत आहे. कामगार सांगतो लूम अडतेय, तुम्ही जाऊन उभे राहिलात की ती लोण्यासारखी चालते. मग तुम्ही कामगाराला खोटारडा म्हणता. आता तो कामगार मी होतो.

कारखान्यात जायची धास्ती बसली. एकटं बाहेर जाईना, बाथरूमची कडी लावेना. सकाळी उठल्या उठल्या आधी काहीतरी मोठ्याने बोलून बघायचो, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा वार नाहीतर गल्लीतल्या शेजाऱ्यांची नावं. मुलगी हसायची, मग हसायची बंद झाली. सुनंदाची थोरली बहीण एकदा येऊन बसली. तिने आडून आडून विषय काढला की पलीकडच्या गावात एक भगत आहे, वाचा बांधलेली सोडतो, बघायला काय जातं? मी तिला जे काही बोललो ते मुलगी इथे टाइप करायला तयार नाही. सुनंदा मधे पडली. म्हणाली, “अहो, तुम्हाला डॉक्टरही पटत नाही, भगतही पटत नाही. मग मी तुम्हाला घेऊन जायचं कुठे?” इकडे आड, तिकडे विहीर.

घरखर्चाला सुट्टी नसते, म्हणून कामावर जात होतो. आणि तिथेच तिसरी खेप आली.

सकाळची शिफ्ट, सगळ्या लूम जोरात. मी गल्लीच्या आतल्या टोकाला होतो, दोन चालू लूमच्या मधल्या फटीत, खाली वाकून बोल्ट आवळत होतो. पाना हातातून पडला. पडल्याचा आवाज येणं शक्यच नव्हतं, मला तो फरशीवर दिसला. उचलायला गेलो तर हात गेला नाही. मी उजव्या हाताकडे बघितलं... तो खांद्यापासून खाली लोंबत होता, वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा. मग उजव्या पायातला जोर जायला लागला. मी कसाबसा उभा राहिलो आणि डाव्या हाताने लूमची चौकट गच्च धरली. आता ती सोडली की मी पट्ट्यावर पडणार, हे मला स्वच्छ कळत होतं.

नीट ध्यानात घ्या. वाचा गेलेली. असती तरी त्या आवाजात कुणी ऐकलं नसतं. उजवा हात मेलेला. डाव्या हाताने चौकट धरलेली, तो सोडता येत नाही. म्हणजे खूण करायला एकही हात नाही. पंधरा-वीस पावलांवर माणसं काम करतायत, सगळी माझ्या ओळखीची, आणि मी त्यांना काहीही सांगू शकत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. लाईट जावी म्हणून मी मनातल्या मनात कुणाची तरी विनवणी करत होतो. कुणाची ते विचारू नका, आमच्यात विनवणी करायला कुणी नसतं. डाव्या हाताची बोटं घसरायला लागली. आणि मला दिसलं ते बाबांचं घर आणि ती खाट. तेवढंच दिसलं, बाकी काही दिसलं नाही हे मी शपथेवर सांगतो.

मुस्तकीमभाई गल्लीच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे पाठ करून उभा होता. तो वळला. माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलला. तो माझ्याकडे धावत येईल असं मला वाटलं, पण तो उलट दिशेला धावला, दाराजवळच्या मेन स्विचकडे. पुढच्या क्षणी सगळी शेड थांबली. पट्टे थांबले, धोटे थांबले. मी चौकटीवरून घसरलो आणि थांबलेल्या पट्ट्यावर पडलो. तो चालू असता तर आज हे सांगायला मी उरलो नसतो.

मला रिक्षात घातलं. मुस्तकीमभाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. हॉस्पिटल येईपर्यंत उजव्या हाताची बोटं हलायला लागली होती, म्हणजे आजार पुन्हा पळून चालला होता. पण यावेळी साक्षीदार होता. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मला तपासलं, ते म्हणाले आता तर सगळं ठीक दिसतंय. मुस्तकीमभाई त्यांच्या टेबलाला चिकटून उभा राहिला. तो म्हणाला, “साहब, अभी मत देखिए। मैंने देखा है। मुँह एक तरफ लटक गया था, लार गिर रही थी, टाँग में जान नहीं थी इनकी।” त्याने स्वतःचं तोंड वाकडं करून दाखवलं. डॉक्टरांनी ते बघितलं आणि चिठ्ठी लिहून आम्हाला त्याच दिवशी ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या डॉक्टरांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, याआधी कधी एका डोळ्याने दिसायचं बंद झालं होतं का? मी म्हटलं, हो, पण तो भुगा होता. ते म्हणाले, डोळा चोळून बरा झाला का, की आपोआप बरा झाला आणि तुम्ही तेव्हा चोळत होतात? कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे मी दुनियेला शिकवत आलो होतो. त्यांनी माझ्या मानेला डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग मानेची सोनोग्राफी. मेंदूला रक्त नेणारी डावी नळी आतून जवळजवळ बंद होत आली होती. तिच्यातून गुठळीचे बारीक तुकडे सुटायचे, वर जाऊन अडकायचे, विरघळायचे. अडकले की हात, वाचा, डोळा बंद. विरघळले की चालू. स्कॅनमध्ये दिसत नव्हतं कारण मागे काही राहतच नव्हतं. ते म्हणाले, “हे छोटे झटके म्हणजे मोठ्याची वर्दी असते. पाच मिनिटांत बरं वाटलं म्हणून घरी बसणारे लोक मोठा झटका घेऊन येतात.” बाबांनाही आधी असे छोटे झटके येऊन गेले असतील का, असं मी विचारलं. ते म्हणाले, शक्य आहे. बाबा सांगायला कुणाकडे जाणार होते?

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू झाल्या, मग मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मानेचं ऑपरेशन झालं. कानाखालून खाली गेलेला व्रण अजून आहे. त्यानंतर आजपर्यंत तसं काही झालं नाही. (ज्यांना असं क्षणभर काही होतं आणि जातं, त्यांनी कृपा करून तेव्हाच्या तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात जा, आणि बघणाऱ्याला सोबत न्या. माझ्या गोष्टीवर विश्वास ठेवा न ठेवा, यावर ठेवा.)

इथे गोष्ट संपली असती तर मी ती या पानावर लिहिली नसती.

ऑपरेशननंतर घरी होतो तेव्हा मुस्तकीमभाई भेटायला आला. सुनंदाने चहा केला. मी त्याचे आभार मानले, म्हटलं तू वळून बघितलंस म्हणून वाचलो. तो म्हणाला, मी उगाच नाही वळलो, मला वाटलं कुणीतरी मागून खांद्यावर थाप मारली, आणि वळलो तर तुम्ही इशारा करत होतात. मी म्हटलं, मी कसला इशारा करणार? उजवा हात पडला होता, डावा चौकटीवर होता. तो ऐकेना. त्याच्या बाजूने लूमच्या वरून माझं फक्त डोकं दिसत होतं, आणि डोक्याच्या बाजूला वर आलेला हात. उजवा हात. एकदा नाही, दोन-तीनदा.

“कैसा इशारा?” मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला आणि करून दाखवलं. मूठ आवळून हात डोक्याच्या वर. मग झटक्याने खाली ओढायची, पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि शेवटी उघडा पंजा छातीवर. तो म्हणाला, “अपने यहाँ तो ऐसा कोई इशारा है नहीं। मतलब मैं समझा नहीं, मिस्त्री। बस लगा, सब बंद करना है।”

माझ्या हातातला चहा सांडला. सुनंदाला वाटलं पुन्हा झटका आला, ती धावत आली.

ती खूण मला माहीत होती. आमच्या कारखान्यातली नव्हे, बाबांच्या. त्यांच्या काळात प्रत्येक लूमला वेगळी मोटार नसायची. छताजवळून एक लांब लोखंडी शाफ्ट जायचा आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक लूमवर उतरायचे. एखाद्याचं धोतर किंवा बाही पट्ट्यात गेली तर आख्खा माणूस ओढला जायचा, म्हणून तिथे एक खूण होती – माणूस अडकला, मेन बंद करा. मी लहान असताना बाबांनी ती मला ओट्यावर बसून एकदा करून दाखवली होती. तो कारखाना केव्हाच मोडला, आज तिथे गोडाऊन आहे. शाफ्ट गेले तशी ती खूणही गेली. मी ती कधी वापरली नाही, कुणाला शिकवली नाही. मुस्तकीमभाई तर तेव्हा भिवंडीत आलाही नव्हता.

पुढच्या तपासणीला मी ठाण्याच्या डॉक्टरांना हे विचारलं. ते हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, मानेची नळी अशी आक्रसलेली असली की कधीकधी हात आपोआप झटके देतो, रोग्याला कळतही नाही. लहानपणी बघितलेली हालचाल मेंदूत कुठेतरी पडून असेल, ती बाहेर आली असेल. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! पाना घेऊन आत शिरलं की कारण सापडतं, हेच तर मी म्हणत होतो. खांद्यावरची थाप म्हणजे मुस्तकीमभाईच्या मनाचा खेळ. हात माझाच होता, मेंदू माझाच होता, आणि मला ते आठवत नाही इतकंच. बरेच महिने मी सुखाने झोपलो.

मग एकदा शेलारमध्येच गणूकाका भेटले. ते आगरी, बाबांच्या जुन्या कारखान्यात त्यांच्याबरोबर होते, आता ऐंशीच्या घरातले. ओट्यावर बसले होते, मीही टेकलो. तब्येतीची चौकशी झाली, ऑपरेशनचं निघालं आणि बोलता बोलता मी त्यांना सगळं सांगितलं. खूण करूनही दाखवली. मुठीने वर-खाली, मग पंजा छातीवर. ती बघून त्यांचे डोळे चमकले, म्हणाले किती वर्षांनी बघतोय. मी जरा फुशारकीनेच म्हटलं, काका, मी अडकलो होतो, तर माझ्याच हाताने ही खूण केली, मला कळलंही नाही.

काकांनी माझी मूठ धरून खाली केली. मग म्हणाले, “न्हाय रं बाला. अरकलेला मानूस ही खून करीत न्हाय. त्याचा हात पट्ट्यात अस्तो, तो काय करनार? त्याच्या बाजूला जो उभा हाय, तो करतो.”

मी विचारलं, आणि तो पंजा छातीवर?

“त्याचा अर्थ, मी याला धरलाय. तुमी मेन बंद करा.”

मी घरी आलो. सुनंदाला काही बोललो नाही, ती आज हे वाचेल तेव्हाच तिला कळेल. त्या सकाळी गल्लीच्या आतल्या टोकाला मी एकटा होतो. माझ्या एका बाजूला लूम होती, दुसऱ्या बाजूलाही लूम होती, आणि गल्लीतच माणूस आडवा होऊन जातो हे मी वर लिहिलंय, त्या फटीत दुसरा कुठे मावणार? आत्मा आमच्यात नाही, पुनर्जन्म मी मानत नाही, आणि डॉक्टरांचं म्हणणंही मला खोटं वाटत नाही. पण डावा हात घसरायला लागल्यापासून लूम थांबेपर्यंत मी उभा कसा राहिलो, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. पायात जोर नव्हता. बोटं सुटली होती. तरी मी पडलो ते पट्टा थांबल्यावरच.